उडालेल्या पाण्याचा हिशेब

तलावातलं पाणी रोज कमी होतंय हे पहिल्यांदा मी बोलले, आणि तेव्हापासून ते जणू मीच पीत असल्यासारखे सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी इथली पंपवाली. नाव आहे, पण ते पगारपत्रकात. पोरं मला पंपमावशी म्हणतात, प्लंबरकाका एक्केचाळिसाव्या वर्षीही ‘पोरी’ म्हणतात, आणि मॅनेजर काम असलं की ‘मॅडम’ म्हणतो, नसलं की काहीच म्हणत नाही. पंप, गाळण्या, क्लोरीन, पाण्याची ऊब आणि एक रेघांची वही, एवढा माझा संसार. पोहण्याचा हा तलाव बंद हॉलमध्ये आहे, वीस मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. म्हणजे पातळी एक मिलिमीटर उतरली की दोनशे लिटर गेलं. हे गणित चौथीतल्या पोराला जमेल. मॅनेजर मात्र दर वेळी म्हणतो, “मॅडम, मिलिमीटरात शिरू नका, बादल्यांत सांगा.”

गेले काही महिने तलावात रोज वरून भर घालावी लागत होती ती वाढत चालली होती. मॅनेजर म्हणाला, कुठेतरी पाणी मुरतंय. त्याला म्हणायचं होतं की मी वहीत काहीतरी घोळ घालतेय. प्लंबरकाकांनी ते शब्दशः घेतलं आणि दुसऱ्या दिवशी हातोडी घेऊन आले. तळाला भेग गेलीय, फरश्या उखडाव्या लागतील, दोन महिने तलाव बंद, असा त्यांचा निकाल. काकांना फरश्या उखडायला फार आवडतं.

दोन महिने बंद म्हटल्यावर माझ्या ताईचा चेहरा उतरला. ताई इथेच मुलांना पोहायला शिकवते. आमच्या घरात अंग तिचं आणि डोकं माझं अशी वाटणी लहानपणीच झाली होती आणि दोघींनाही ती मान्य होती. तिच्या हाताखाली अकरा मुलं तयार झाली होती, दहा-बारा वर्षांची, त्यांत तिची स्वतःची मुलगी बटणही. पाच तलावांच्या मुलांमधून संघ निवडायचा होता आणि ती निवड आमच्याच तलावावर होणार होती. वर्षभर ही पोरं भल्या सकाळी डोळे चोळत येत होती ती त्याच दिवसासाठी. तेव्हा गळती निघू नये, पाणी नुसतं उडत असावं, वाफ होऊन जात असावं, असं मॅनेजरपासून मुलांच्या आयांपर्यंत सगळ्यांना वाटत होतं.

ते तपासायची साधी रीत आहे. तलावाचंच पाणी एका बादलीत भरायचं आणि बादली तलावाच्या पायरीवर, अर्धी पाण्यात बुडेल अशी ठेवायची. बादलीच्या आत पातळीला खूण, तलावाच्या भिंतीवर पातळीला खूण. चोवीस तास कुणी पाण्यात उतरायचं नाही. बादलीला भेग नाही, म्हणजे तिच्यातून जाईल ते उडालेलंच. तलावही तेवढाच उतरला तर तोही उडालाय. जास्त उतरला तर गळतोय.

काल साप्ताहिक सुट्टी होती, म्हणून काल सकाळी सातला बादली ठेवली. आज सातला काठावर एवढी माणसं जमली होती की मला वाकायलाही जागा नव्हती. निवडीला एकच दिवस उरला होता. मी आधी बादलीत पट्टी लावली. तीन मिलिमीटर. मग भिंतीवर. तीन मिलिमीटर.

“म्हणजे?” ताई म्हणाली.

“म्हणजे गळत नाही. उडतंय.”

ताईने मला अशी मिठी मारली की पट्टी पाण्यात पडली. मॅनेजरने सुटकेचा श्वास सोडला आणि काकांकडे बघून म्हणाला, “उडालं म्हणजे गेलं! विषय संपला.” काका हातोडी पिशवीत घालत पुटपुटले की बादल्यांनी कधी रोग कळतो का. माझी मान मात्र ताठ झाली होती. माझा हिशेब बरोबर आला की मी थोडी असह्य होते, हे मला माहीत आहे.

खाली पंपाच्या खोलीत येऊन मी वही उघडली. इथेच थांबले असते तर दिवस फार छान गेला असता. पण मला आकडा दोन्हीकडून जुळल्याशिवाय चैन पडत नाही.

हॉलच्या भिंतीत एक मोठा ब्लोअर आहे. तो ओली हवा ओढतो, तिच्यातलं पाणी काढून घेतो आणि कोरडी हवा परत सोडतो. काढलेलं पाणी एका नळीतून गटारात जातं आणि नळीवर मीटर आहे. म्हणजे तलावातून उडालेलं पाणी किती, आणि ब्लोअरने पकडलेलं किती, दोन्ही मोजता येतं. काल सुट्टीच्या दिवशी उडालं तीन मिलिमीटर, सहाशे लिटर. मीटरने दाखवलं पाचशे शहात्तर. तासाला चोवीस लिटर, चोवीस तास. चोवीस लिटर इकडे-तिकडे, दाराच्या फटीतून गेलं असेल. मी खूश झाले.

मग सहज परवाचा दिवस घेतला, कामाचा. मुलं पोहतात तेव्हा पाणी हलतं, जास्त उडतं, आणि निवड जवळ आली तसं पोहणंही वाढलं होतं. बाहेर उसळलेलं पाणी कडेच्या पन्हळीतून परत टाकीत येतं, त्याचा प्रश्न नाही. परवा तलाव उतरला होता चार मिलिमीटर. आठशे लिटर. आणि मीटरवर चारशे तीस.

तीनशे सत्तर लिटर कुठे गेलं?

मी त्याच्या आधीचा दिवस काढला. तेच. आधीचा आठवडा, आधीचा महिना. सुट्टीला जमाखर्च जुळतो, कामाच्या दिवशी तीनशे-साडेतीनशे लिटर गायब. पेन चावत बसले. मग चारशे तीसला तासाच्या चोवीस लिटरने भागलं, आणि उत्तर आलं जवळजवळ अठरा. परवा ब्लोअर अठरा तास चालला होता.

मी वही मिटली. कारण उरलेले सहा तास तो कुणी बंद ठेवला होता हे जगात एकट्या मला माहीत होतं.

तीन वर्षांपूर्वी ताईचा घसा बसला होता. साधा नाही, स्वरयंत्रावर गाठी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ओरडायचं थांबवा नाहीतर नोकरी बदला. आता पोहायला शिकवणाऱ्या बाईने ओरडायचं नाही तर काय चिठ्ठ्या पाठवायच्या? आणि ब्लोअरचं तोंड नेमकं ती उभी राहते तिथेच. त्या घरघरीवर आवाज चढवून चढवून तिचा घसा गेला होता. ताई रात्री जेवताना बोलायची नाही, पाटीवर लिहून मीठ मागायची. मला ते बघवेना. मी कुणाला न विचारता सकाळच्या आणि संध्याकाळच्या वर्गाला तीन-तीन तास ब्लोअर बंद ठेवायला लागले. वहीत मात्र रोज लिहीत होते, ‘ब्लोअर चालू, २४ तास.’ घरघर कशी थांबली असं ताईने विचारलं तेव्हा सांगितलं, वर्गाच्या वेळी तो आपोआप मंद होतो. दोन महिन्यांत ताईचा आवाज मोकळा झाला. तिला वाटलं, डॉक्टरांनी दिलेल्या गुणगुणण्याच्या व्यायामाने झाला. ती अजून रोज सकाळी गुणगुणते आणि भेटेल त्याला तो व्यायाम शिकवते. मी तिला त्या आनंदात राहू दिलं.

आता हिशेब माझ्याच दाराशी येऊन उभा होता. गायब झालेलं पाणी उडालं होतं, पण गेलं नव्हतं. गरम वाफ वर जाते. हॉलला वर पांढरं सपाट छत दिसतं ना, ते खरं छत नाही. खरं पत्र्याचं छप्पर त्याच्यावर चार हात. हे पांढरं नुसतं खाली टांगलेलं आहे, जाडजूड पाट्यांचं, छपराच्या तुळयांपासून सोडलेल्या करंगळीएवढ्या लोखंडी सळ्यांवर. मध्ये पोकळी. दिव्यांसाठी पाडलेल्या भोकांतून वाफ त्या पोकळीत शिरत असणार. दारं, खिडक्या, भिंती यांनी निम्मं घेतलं असं धरलं तरी रोज एकशे पंच्याऐंशी लिटर. थोडं वाळतं, पुन्हा ओलं होतं. आणि त्या वाफेत क्लोरीन. क्लोरीन लोखंडाचं काय करतं हे मला सांगायला नको. माझ्या खोलीच्या दाराच्या बिजागऱ्या मी दर वर्षी बदलते.

तीन वर्षं. आणि खाली पोरं.

खरं सांगते, माझा पहिला विचार छताचा नव्हता. माझा पहिला विचार होता की वही कुणी बघू नये. ‘माझं चुकलं’ हे शब्द माझ्या तोंडून कधी निघालेले नाहीत. लहानपणी मार खाल्ला पण ते म्हटलं नाही. मनात आलं, आजपासून ब्लोअर गुपचूप चालू ठेवावा, पुढे कधीतरी छत बघायला लावावं, झालं. पण डोळ्यांसमोरून ते छत हलेना.

अकरा वाजता मॅनेजरच्या खोलीत गेले. तो खुर्च्या मोजत होता, उद्या पाहुणे येणार म्हणून. मी सांगितलं, पाण्याचा हिशेब जुळत नाही, वाफ छताच्या वर जातेय, सळ्या तपासायला हव्यात. कशामुळे जातेय ते सांगितलं नाही.

“गळती आहे का?”

“नाही, पण...”

“मग? सकाळी तुम्हीच म्हणालात ना, उडतंय म्हणून?”

“उडून वर अडकतंय. शेवटचं वर कोण गेलं होतं?”

“दिवेवाला. चार वर्षं झाली असतील. काही म्हणाला नव्हता.”

“छताच्या वर जायला झडप आहे ना, तिची किल्ली द्या, मी बघून येते.”

“परवा बघा ना, मॅडम. उद्याचा दिवस जाऊ दे. आज तुम्ही वरून काहीतरी घेऊन आलात आणि आयांनी ऐकलं, तर माझ्या तोंडचं पाणी पळेल.” तो पुन्हा खुर्च्यांकडे वळला. “शहाऐंशी झाल्या होत्या की सत्त्याऐंशी?”

तळपायाची आग मस्तकात गेली. पण रागावण्याचा मला हक्क होता का? अर्धाच हिशेब दाखवून मी त्याच्याकडून पुरतं उत्तर मागत होते.

दोनला ताई आली. तिलाही तेवढंच सांगितलं. ती मुलांच्या टोप्यांवर आकडे चिकटवत होती.

“काल तळाला भेग होती,” ती म्हणाली, “आज छताला वाफ लागलीय. तू जरा झोप काढ.”

“ताई, मी थट्टा करत नाहीये. आजचा वर्ग रद्द कर.”

“आज? निवडीच्या आदल्या दिवशी? मुलांना सांगू काय, मावशीच्या वहीत बेरीज जुळेना म्हणून घरी जा?” मग माझ्याकडे बघून जरा नरमली. “पुरावा आण. तू एक सळी दाखव, मी लगेच शिट्टी वाजवते. नुसत्या आकड्यांवर मी अकरा पोरांचं वर्ष बुडवणार नाही.”

तिचं बरोबर होतं. मी असते तरी हेच म्हटलं असतं.

किल्ली मिळवायला चार वाजायला दहा कमी झाले. मॅनेजरच्या मागे मागे फिरून, शेवटी “मी काकांना घेऊन फरश्याच उखडायला सुरुवात करते” अशी धमकी दिली तेव्हा त्याने ती टेबलावर आपटली.

प्रेक्षकांच्या गॅलरीच्या टोकाला अडगळीची खोली आहे. तिथे शिडी, शिडीवर झडप. झडप उघडली आणि क्लोरीनचा असा भपकारा आला की डोळे मिटले. माझ्या खोलीत पिंपं उघडी असतात तरी एवढा वास येत नाही. टॉर्च लावला. छपराच्या तुळयांना जोडलेली एक अरुंद फळी पोकळीतून आरपार जाते, दिवेवाल्यांसाठी. मी तिच्यावर गुडघ्यांनी सरकत निघाले. दोन्ही बाजूंना पांढऱ्या छताची पाठ, तिच्यावर उष्णता अडवायला अंथरलेला काचकापूस. तो पांढरा किंवा पिवळा असतो. इथे तो काळपट होऊन भिजल्या गोधडीसारखा बसला होता.

पहिली सळी लांबून बरी दिसत होती. तिच्यावर तपकिरी पापुद्रे होते, म्हणून ते खरवडायला मी दोन बोटांनी धरली. ती हलली. लोलक हलतो तशी आरामात हलली. टॉर्च खाली नेला तर सळीचं खालचं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं. तुटून वीतभर वर लोंबत होतं.

दुसरी घट्ट होती. तिसरी सुटलेली. चौथी आणि पाचवी घट्ट, पण गंजाने अंगठ्याएवढ्या फुगलेल्या. त्या ओळीत दहा सळ्या. चार रिकाम्या लोंबत होत्या. म्हणजे दहांचं ओझं सहांवर. आणि पुढे, तलावाच्या बरोबर मधोमध, छताला पोट सुटलं होतं. चार बोटं तरी खाली.

तेवढ्यात मला ताईचा आवाज आला. अगदी स्वच्छ. “पाय सरळ! पाय! गुडघ्यातून नाही, कमरेतून!” माझ्या खाली असूनही ती मला एकाच खोलीत असल्यासारखी ऐकू येत होती. पाण्याचा सपसप आवाज, कुणाचं तरी खोकणं, सगळं. आणि मग मला समजलं की ते इतकं स्वच्छ का ऐकू येतंय. वर येण्याआधी, चारच्या ठोक्याला, मी सवयीने ब्लोअर बंद करून आले होते. आजसुद्धा.

दिव्याच्या भोकातून एक नारिंगी टोपी पुढे सरकताना दिसली. बटण. तिचीच टोपी नारिंगी आहे.

ओरडावंसं वाटलं, पण ओरडायलाही भीती वाटली. मी मागे सरकायला लागले. फळीवर वळता येत नाही, उलटंच यावं लागतं, पायांनी चाचपत. ते वीस मीटर माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब वीस मीटर होते. शिडीवरून उतरले की पडले, आठवत नाही. घोटा अजून सुजलेला आहे.

काठावर ताई हातात घड्याळ घेऊन उभी होती.

“सगळ्यांना बाहेर काढ.”

“थांब गं. वेळ घेतेय.”

“सळ्या तुटल्यात. मी हातात धरून बघितलं.”

“किती? एखादी तुटली असेल. मॅनेजर म्हणाला की तू सकाळपासून...”

“ताई,” मी म्हणाले, “माझं चुकलं.”

तिने घड्याळावरची नजर काढली. तिने माझ्याकडे असं बघितलं जणू मी परक्या भाषेत बोलले.

“वर्गाच्या वेळी ब्लोअर मी बंद ठेवते. तीन वर्षं. वहीत खोटं लिहिते. ती सगळी वाफ वर गेली. एका ओळीत चार सळ्या सुटल्यात आणि मधोमध छत खाली आलंय. माझ्यामुळे.”

ती छताकडे बघणार असं मला वाटलं. तिने बघितलं नाही. माझ्याच तोंडाकडे बघत तिने शिट्टी ओठांत धरली आणि वाजवली, लांबच लांब, श्वास संपेपर्यंत.

मुलं शिकवलेली आहेत. शिट्टी म्हणजे बाहेर. दहा टोप्या कडेला आल्या, दहा ओली अंगं वर चढली. नारिंगी टोपी मात्र मधल्या पट्ट्यात पाण्याखाली होती आणि तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. ती पाण्याखालूनच वळली आणि पुन्हा मध्याकडे निघाली, छताला पोट सुटलं होतं नेमकी तिकडे. ताईने तळहाताने पाणी बडवलं. बटण थांबली नाही. चांगली वेळ लागत होती तिची. तेव्हा ताईने कपड्यांनिशी उडी घेतली. बुटांसकट. तिने पोरीला पोहण्याच्या कपड्याच्या पट्ट्याला धरून ओढत कडेला आणलं आणि मी दोन्ही बखोटी धरून वर खेचलं.

“माझी वेळ बिघडवली!” बटण रडत म्हणाली. “एवढी छान चालली होती!”

“चालू दे,” ताई म्हणाली. “चाल. दारातून बाहेर. पळू नका, आपटू नका, दार हळू लावा.”

बाहेरच्या बोळात अकरा मुलं टॉवेल गुंडाळून भिंतीला टेकून उभी राहिली. गॅलरीतले आयाबाप खाली धावत आले. काय झालं, कुणाला लागलं, पाण्यात काही पडलं का? मी सांगितलं. सळ्या, वाफ, छत. मग हॉलच्या दाराच्या काचेतून त्यांनी आत बघितलं. छत पांढरंशुभ्र, दिवे लागलेले, पाणी निवांत. काही म्हणजे काही झालं नव्हतं.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. कुजबुज वाढली. एक आई म्हणाली, “हिला वेड लागलंय का?” दुसरी म्हणाली, “उद्या निवड आहे, मुलं गारठलीत.” आणि मी, देवाशपथ सांगते, काचेला नाक लावून त्या छताकडे बघत मनात म्हणत होते, पड. एकदाचं पड. मुलं वाचली होती, तरी मला ते पुरत नव्हतं, मला माझं उत्तर बरोबर यायला हवं होतं. मला स्वतःची किळस आली.

मॅनेजर धावत आला. त्याने छताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि लाल झाला. “वर्गाचे अजून दोन तास आहेत. मुलांना आत जाऊ द्या. मी जबाबदारी घेतो.”

ताई दारात उभी होती. अंगावरून पाणी निथळत होतं. तिने दोन्ही हात चौकटीला लावले.

“जबाबदारी घेताय?” ती म्हणाली. “मग आधी तुम्ही जा. मधोमध जाऊन उभे राहा, दहा मिनिटं. मग मी मुलांना पाठवते.”

मॅनेजर हसला. मग त्याने काचेतून पुन्हा आत बघितलं आणि हसायचा थांबला.

“कोच, तुम्ही स्वतः बघितलंय का वर?” एका बापाने विचारलं. तो आपल्या मुलाचा हात धरून अगदी दाराशी आला होता.

“नाही.”

“मग कशावरून?”

“ही माझी बहीण आहे. आज ती म्हणाली, माझं चुकलं. चाळीस वर्षांत मी तिच्या तोंडून हे ऐकलेलं नाही. माझ्यासाठी तेवढं पुरे आहे.”

तो बाप तसाच उभा राहिला. मुलगा म्हणाला, “बाबा, हात दुखतोय.” तेव्हा त्याने पकड सैल केली. मॅनेजरने कुणाकडेही न बघता खिशातून फोन काढला आणि इमारतीच्या इंजिनीअरबाईंना लावला.

त्या सहाला आल्या. तोवर कुणी घरी गेलं नव्हतं. भांडण संपलं होतं, पण आपण खरंच बावळट ठरलो की नाही हे कळल्याशिवाय कुणाचा पाय निघत नव्हता. बाई टॉर्च घेऊन वर गेल्या. मी घड्याळ बघत होते. चार मिनिटांत त्या उतरल्या. दोन्ही तळहात तपकिरी झाले होते.

“या दाराला कुलूप लावा आणि किल्ली मला द्या,” त्या म्हणाल्या. “गॅलरीही बंद. आत आता कुणीही जायचं नाही, दिवे बंद करायलासुद्धा नाही.”

“एवढं?” मॅनेजर म्हणाला.

“पाण्यावरच्या चाळीस सळ्या बघितल्या. अठरा शाबूत आहेत. बाकीचं छत शेजारच्या पाट्यांना धरून लटकलंय.”

“किती दिवस टिकलं असतं?” मघाच्या आईने विचारलं, जी मला वेडी म्हणाली होती.

“दिवसांत मला सांगता येणार नाही, बाई.”

ती आई तिथेच जमिनीवर बसली. तिने आपल्या मुलीला खाली ओढलं आणि मांडीवर घेतलं. मुलगी चांगली बारा वर्षांची, मांडीत मावत नव्हती, पण गप्प बसली.

इंजिनीअरबाई म्हणाल्या, “एवढी वाफ वर गेली कशी? तुमचा ब्लोअर चालू नव्हता का?”

मॅनेजर माझी वही मागायला माझ्याकडे वळला. मी म्हणाले, वहीत बघू नका, वहीत खोटं आहे. आणि मग पुन्हा सगळं सांगितलं, ब्लोअर, सहा तास, तीन वर्षं. का बंद ठेवला हे सांगायच्या आधी ताईकडे बघितलं. ती बाकावर बसली होती, बटणचे पाय मांडीवर घेऊन टॉवेलने पुसत होती. तिला ते आधीच कळलेलं दिसत होतं.

माणसं हळूहळू पांगली. उद्याची निवड रद्द झाल्याचा फोन मॅनेजर करत होता, एकेका तलावाला, आवाज खाली घेऊन. मी ताईच्या शेजारी जाऊन बसले.

“म्हणजे माझा आवाज बरा झालाच नव्हता,” ती म्हणाली.

मी होकारार्थी मान हलवली. तीन वर्षं ती सकाळी उठून गुणगुणत होती. मी चहा पीत ऐकत होते.

“माझ्यापायी अकरा पोरांच्या डोक्यावर...” तिने वाक्य पुरं केलं नाही. बटणच्या बोटांमधलं पाणी टिपत राहिली, ती बोटं कधीचीच कोरडी झाली होती. मला वाटलं, आता ती रडेल किंवा माझ्या थोबाडीत देईल. दोन्हीला मी तयार होते.

“मला सांगायचं होतंस गं,” ती म्हणाली. “मी आणखी मोठ्याने ओरडले असते.”

हे ती इतक्या हळू म्हणाली की ब्लोअर चालू असता तर मला ऐकूच आलं नसतं.